दार त्यांना बंद, आपल्याला उघडे

(मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘सहल’ या विषयावर झालेले भाषण. वक्त्यांनी आपल्या टिपणांवरून लिहून दिले.)



विषयपत्रिकेवरचा सहावा विषय आहे, ‘वार्षिक सहल : गोवा’. त्यावर बोलायला मी उठलो तेव्हा ‘आता हा काय मोडता घालतोय’ असे भाव काही चेहऱ्यांवर मला इथूनसुद्धा दिसले. आधीच सांगून टाकतो. गोव्याला माझा विरोध नाही. मंगेशी, शांतादुर्गा, जुन्या गोव्यातली चर्चेस, मिरामारची वाळू, सगळे मला हवे आहे, आणि माझ्या घरून चार नावे पहिल्याच दिवशी दिलेली आहेत. माझा विरोध आहे तो टूरवाल्याने छापून दिलेल्या कार्यक्रमातल्या एका ओळीला. तिसरा दिवस, रात्री आठ वाजता : ‘मांडवी नदीवर कॅसिनो क्रूझ, प्रवेश व जेवण पॅकेजमध्ये समाविष्ट.’

मी वक्ता नाही. बँकेत कारकून आहे आणि माझे निम्मे आयुष्य काउंटरच्या आतल्या बाजूला गेले आहे. त्यामुळे माझ्या बोलण्यात आकडे जास्त येतील, ते सांभाळून घ्या.

ज्यांनी पणजी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. मांडवीच्या काठाने एक लांब रस्ता जातो. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचे नाव त्याला दिले आहे, दयानंद बांदोडकर मार्ग. आपल्याकडे रावपुरा किंवा मांडवीचा जो मान (आपलीही एक मांडवी आहे, नदी नव्हे, दरवाजा!) तोच पणजीत या रस्त्याचा. याच रस्त्यावर आदिलशहाचा जुना वाडा आहे, तिथे पूर्वी सचिवालय होते. पुढे कांपाल, कला अकादमी, आणि शेवटी मिरामारला बांदोडकरांची समाधी. मनोहर पर्रीकरांवर २०१९ च्या मार्चमध्ये अंत्यसंस्कार झाले तेही तिथेच, शेजारी. आणि या दोन टोकांच्या मध्ये, नदीत, नांगर टाकून उभी आहेत कॅसिनोची जहाजे. एकूण सहा परवाने. जहाज पाण्यात असते, पण त्याचे दुकान रस्त्यावर असते. तिकीटघर, धक्का, दिव्यांच्या पाट्या, गिऱ्हाईक आणणाऱ्या गाड्या, सारे या रस्त्यावर.

तीन वर्षांपूर्वी कुटुंबासह गेलो होतो. संध्याकाळी पायी निघालो, म्हटले नदीकाठी वारा खाऊ. नदी दिसलीच नाही म्हणा ना. लाल-निळे दिवे दिसले. शहराची मुख्य पेठ अशी एका धंद्याच्या ताब्यात गेलेली मी पहिल्यांदा पाहिली.

हे झाले कसे? १९७६ साली गोवा, दमण आणि दीव या तेव्हाच्या केंद्रशासित प्रदेशासाठी सार्वजनिक जुगाराचा कायदा झाला, तो जुगार बंद करण्यासाठी. १९९२ साली त्यात एक दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलात यंत्रावरच्या जुगाराला वाट मिळाली. १९९६ च्या दुरुस्तीने ‘ऑफशोअर’ जहाजावर टेबलावरचा जुगार आला. ऑफशोअर म्हणजे किनाऱ्यापासून दूर, हे आपल्याला डिक्शनरीत वाचून माहीत. सरकारच्या लेखी मांडवी नदीचे पात्रही ऑफशोअर ठरले, पणजीच्या धक्क्यावरून हाक मारली तर ऐकू जाईल इतके ‘दूर’! बंदीच्या कायद्याला दोन भोके पाडली आणि त्यातून जहाजे आत आली. २००७ ते २०१२ च्या काळात त्यांची गर्दी झाली. पुढे परवान्यांची संख्या तेवढीच राहिली, पण लहान जहाजांच्या जागी मोठी येत गेली. एका परवान्यावर किती मजले चढवायचे हे कुणी विचारायचे?

पणजीकरांनी विचारले. हे मला मुद्दाम सांगायचे आहे, कारण आपल्याकडे समज असा की गोवेकराला या सगळ्याची मौज वाटते. तसे नाही. ‘आम औरत आदमी अगेन्स्ट गॅम्बलिंग’ या नावाने तिथे चळवळ उभी राहिली. साबिना मार्टिन्स या तिच्या निमंत्रक, स्त्रियांच्या प्रश्नांवर वर्षानुवर्षे काम केलेल्या बाई. मोर्चे झाले, निवेदने झाली, प्रकरणे हायकोर्टात गेली. लोकांच्या तक्रारी साध्या होत्या. रात्री गाड्या लावायला जागा नाही. नदी आमची, तिच्यात जहाजांचा मैला कुठे जातो ते सांगा. बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीच्या वाटेत अडथळा. घरातला कमावता माणूस पगाराच्या दिवशी जहाजावर जातो. शेवटची तक्रार बायकांची होती आणि तीच सगळ्यात जुनी होती.

राजकारण्यांनी काय केले, तेही सांगतो. आपले पत्रक राजकीय आहे, तेव्हा संकोच नको, आणि मी कुठल्याच पक्षाचा नाही हे इथे सर्वांना ठाऊक आहे. पर्रीकर विरोधी पक्षनेते असताना कॅसिनोच्या विरोधात त्यांचा आवाज सर्वांत मोठा होता. २०१२ साली मुख्यमंत्री झाले. जहाजे राहिली. त्यांच्यानंतर पार्सेकर आले, जहाजे राहिली. मांडवीतून दुसरीकडे हलवू असे म्हणायचे आणि मुदत संपत आली की वाढवून द्यायची, असे पुन्हा पुन्हा झाले. कर्जाचे नूतनीकरण करत राहावे तसे! पर्रीकर गेल्यावर मे २०१९ मध्ये पणजीची पोटनिवडणूक झाली. बाबूश मोन्सेरात काँग्रेसतर्फे उभे होते आणि शंभर दिवसांत मांडवीतले कॅसिनो हटवू असे आश्वासन त्यांनी दिले. निवडून आले. जुलैत काँग्रेसचे दहा आमदार सत्ताधारी पक्षात गेले, त्यांत तेही होते. शंभर दिवस कधीच उलटले. म्हणजे या बाबतीत सगळे पक्ष एका माळेचे मणी. विरोधात असताना नदी दिसते, सत्तेत आल्यावर महसूल दिसतो.

महसूल खोटा नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परवान्याचे शुल्क कोट्यवधींत आहे. महापालिकेलाही पैसे मिळतात. शेकडो मुले-मुली तिथे नोकरीला आहेत, त्यांत गोव्याची पुष्कळ. खाणी बंद पडल्यानंतर तर सरकार हा पैसा सोडायला आणखीच नाखूष झाले. माझ्यासारख्या नोकरदाराने दुसऱ्याच्या नोकरीबद्दल बेपर्वाईने बोलू नये. पण पणजीचे लोक असे विचारत होते की नोकऱ्या हव्यात म्हणून कुठलाही धंदा चालेल का? याचे उत्तर सरकारने दिले नाही, दुसरेच काहीतरी दिले.

ते असे की, १ फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना कॅसिनोत प्रवेश बंद झाला. कायद्यातली तरतूद २०१२ च्या दुरुस्तीतली, अंमल आठ वर्षांनी. प्रवेश फक्त पर्यटकांना.

त्या संध्याकाळी आम्ही ज्या टॅक्सीने हॉटेलवर परतलो, तिचा चालक साठीचा होता, मराठी चांगले बोलत होता. मी विचारले, तुम्ही कधी जाता का त्या जहाजावर? तो हसला आणि कोकणीत म्हणाला, “आमकां भितर सोडिनात. तुमकां सोडटात.” आम्हाला आत सोडत नाहीत, तुम्हाला सोडतात.

मंडळी, हे वाक्य मी तीन वर्षे डोक्यात घेऊन फिरतो आहे. त्याच्या सरकारने मान्य केले की हा खेळ घरे बुडवतो. मान्य केले नसते तर स्वतःच्या लोकांना बंदी कशाला केली असती? विष नसते तर स्वतःच्या ताटातून काढले नसते. पण ते फेकून दिले नाही. पाहुण्यांच्या ताटात वाढले. आणि पाहुणे कोण? मुंबईचे, दिल्लीचे, हैदराबाद-बंगळूरचे, आणि आपण गुजरातचे. मी त्या धक्क्यावर पंधरा मिनिटे उभा होतो. माझ्या कानावर गुजराती किती वेळा पडली ते मोजायचे सोडून दिले. एक मंडळी तर बडोद्याचीच होती, कुठल्या पोळातली हेही बोलण्यावरून ओळखू आले.

पणजीकरांच्या विरोधाला निम्मे यश आले, आणि त्या निम्म्या यशाचे बिल आपल्या नावावर फाटले आहे. चूक त्यांची नाही. त्यांना जेवढे मिळाले तेवढे त्यांनी घेतले. पण उरलेला अर्धा विरोध करायचा कुणी? ज्याला आत सोडतात त्याने. म्हणून मी इथे उभा आहे.

आता माझ्या काउंटरची एक हकीकत. नाव-गाव सांगणार नाही, सांगण्याचा मला अधिकारही नाही, आणि ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील बदललेले आहेत. चांगल्या घरचा माणूस, स्वतःचा लहानसा धंदा. पहिल्यांदा मित्रांबरोबर गेला तो कुणाच्यातरी लग्नाआधीची मौज म्हणून. जिंकला. हे फार वाईट झाले. वर्षात चार वेळा गेला. आधी क्रेडिट कार्डावर रोख उचल, मग पर्सनल लोन, ते संपल्यावर सोने. गोल्ड लोनचा फॉर्म माझ्यासमोर भरला. ‘कर्जाचे कारण’ या रकान्यात काय लिहू असे त्याने विचारले, आणि मी नेहमीच्या सवयीने म्हणालो, घरखर्च लिहा. अक्षर त्याचे, शब्द माझा.

तीन महिन्यांनी त्याची बायको आली. हातात कपाटात सापडलेली पावती. विचारले, “भाऊ, यात माझ्या पाटल्या आहेत का? सासूबाईंच्या. दोन्ही गेल्यात की एकच, एवढेच सांगा.” कर्ज नवऱ्याच्या नावावर. खात्याची माहिती दुसऱ्याला देता येत नाही, मग ती बायको का असेना. मी म्हणालो, वहिनी, मला सांगता येणार नाही. ती म्हणाली, “बरं, वजन तरी सांगा. मला दोन्हींचं वजन पाठ आहे.” मी काहीच बोललो नाही. कॉम्प्युटरचा पडदा थोडा आत वळवला. तिने माझ्याकडे पाहिले, पावतीची घडी घातली आणि गेली. तिला कळले ते मी सांगितल्याने नाही, मी पडदा वळवल्याने. नियमाप्रमाणे मी बरोबर वागलो. त्या रात्री जेवण गेले नाही.

बँकेत येणारा माणूस निदान व्याजाच्या दराने कर्ज काढतो. बँक दार बंद करते तेव्हा माणूस व्याजखोराकडे जातो. २०२३ च्या जानेवारीत गुजरात पोलिसांनी व्याजखोरांविरुद्ध राज्यभर मोहीम काढली, गावोगावी लोकदरबार भरवले, ते आपल्याला आठवत असेल. महिन्याला दहा टक्के, कुठे रोजचे व्याज, कोरे चेक लिहून घेतलेले. त्या रांगेतले सगळेच जुगारी नव्हते. दवाखान्याने बुडालेले होते, लग्नाने बुडालेले होते. पण जुगाराने बुडालेला माणूस रांगेत उभा राहून तसे सांगत नाही, तोही ‘घरखर्च’ असेच सांगतो.

काही जण म्हणतील, नशिबाचा खेळ आहे, कोणी हरतो, कोणी जिंकतो. इथे मी कॉमर्सचा पदवीधर असल्याचा थोडा फायदा घेतो. रूलेटच्या चाकावर एक ते छत्तीस आकडे असतात आणि एक शून्य, म्हणजे सदतीस घरे. समजा तुम्ही सदतीसही घरांवर शंभर-शंभर रुपये लावले. कुठलेतरी एक घर लागणारच. तीन हजार सातशे घातले. लागलेल्या घराचे पस्तीसपट अधिक तुमचे शंभर, म्हणजे परत आले तीन हजार सहाशे. शंभर रुपये गेले, आणि तुम्ही तर प्रत्येक घरावर लावून बसला होता! हे एका फेरीचे. रात्रभरात फेऱ्या किती होतात? काही चाकांवर दोन शून्ये असतात, तिथे दोनशे जातात. यात लबाडी कुणाची नाही, चाक सरळ फिरते. दुकानाचा नफा चाकातच बसवलेला आहे.

आपल्याकडच्या आकड्याचाही हिशेब असाच. साठच्या दशकात मुंबईत वरळी मटका सुरू झाला. त्याच्याही आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले भाव तारेने यायचे आणि त्यावर आकडा लागायचा. इथले पोलीस अजून ‘वरली मटका’ हाच शब्द लिहितात, तो मुंबईहून आलेला. दहा आकडे, त्यातला एक लागला तर रुपयाला नऊ. दहाही लावले तर दहा रुपये घालून नऊ घरी. माझ्या आजोबांच्या शेजारच्या वाड्यातले एक गृहस्थ चिठ्ठीवर आकडे लिहून घ्यायचे, त्यांचे घर पक्के बांधलेले होते. आकडा लावणाऱ्यांपैकी कुणाचे होते ते आठवत नाही.

त्यावर कर. सप्टेंबर २०२५ च्या २२ तारखेपासून कॅसिनोवर चाळीस टक्के जीएसटी आहे. जहाजवाला तो स्वतः सोसो किंवा गिऱ्हाइकावर टाको, निघतो तो टेबलावर हरलेल्या पैशातूनच. त्यातला राज्याचा निम्मा वाटा गोव्याला. जिंकलेल्या रकमेवर आयकर तीस टक्के, आणि त्यातून हरलेले पैसे वजा मागता येत नाहीत. एका हाताने जिंकलेले दाखवायचे, दुसऱ्या हाताने हरलेले विसरायचे. माझ्या गिऱ्हाइकांपैकी कुणाच्या खात्यात असा हिशेब शेवटी जमेकडे झुकलेला मी पाहिलेला नाही.

आणखी एक गंमत. आम्ही महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कॉमर्स फॅकल्टीत मर्कंटाइल लॉ शिकलो. कराराच्या कायद्याचे कलम तीस. पैजेचा करार रद्दबातल. कोर्ट जिंकलेल्याला पैसे मिळवून देत नाही. सर पुढे एक ओळ सांगायचे आणि ती परीक्षेत हमखास यायची. भारतात इतरत्र पैज रद्द असली तरी पैजेसाठी दिलेले कर्ज वसूल करता येते, पण जुन्या मुंबई इलाख्यात, म्हणजे महाराष्ट्र-गुजरातेत, १८६५ च्या कायद्याने तेही नाही. त्या इलाख्यात दीडशे वर्षांपूर्वी ज्यांनी हे लिहिले त्यांनी दुकान आणि उधारी दोन्ही एकदमच पाहिली होती. आज आपण फक्त जहाजावरचे दिवे पाहतो.

आता तुमचे आक्षेप. चहाच्या वेळी मी बरेच ऐकले.

पहिला, ‘श्रावणात आपण खेळतोच की.’ खेळतो. शीतळा सातम, जन्माष्टमी आली की गुजरातभर तीन पत्ती चालते, आणि आपले मराठी वाडे त्यातून सुटलेले नाहीत. मीही खेळलो आहे. मामांच्या ओसरीवर, चिंचोक्यांवर, नंतर नाण्यांवर. एका वर्षी शेजारच्या गल्लीत छापा पडला आणि आमचे एक काका पत्ते घेऊन मोरीत लपले, ही गोष्ट आमच्या घरात अजून रंगवून सांगतात. मग फरक काय? ओसरीवर हरलेले पैसे घरातल्याच कुणाच्या खिशात जात, आणि आजी साडेदहाला दिवा मालवायची. जहाजावर आजी नसते. पण मी एवढेही कबूल करतो की माझे काका मोरीतून बाहेर आल्यावर सुधारले नाहीत, आणि काकूंनी त्याचे जे भोगले ते आम्ही रंगवून सांगत नाही. तेव्हा श्रावणाचा दाखला देऊन कुणी मला गप्प करू नये. तो दाखला माझ्याच बाजूचा आहे.

दुसरा आक्षेप आपल्या खजिनदारसाहेबांचा. ‘नुसते बघायला जायचे, खेळायचे कुणी?’ साहेब, तुमच्याबद्दल मला आदर आहे, मंडळाचा पैसा तुम्ही डोळ्यांत तेल घालून सांभाळता. पण पॅकेज नीट वाचा. प्रवेशाच्या पैशांतच काही कुपने मिळतात. त्यांचे रोख पैसे होत नाहीत, ती टेबलावर खेळूनच संपवायची. म्हणजे बघायला गेलेल्याच्या हातात पहिला डाव तेच ठेवतात. आणि एकवीस वर्षांखालच्यांना खेळायला आत सोडत नाहीत. आपल्या यादीत अकरावी-बारावीची सात मुले आहेत. ती त्या रात्री हॉटेलवर कुणाच्या भरवशावर राहणार हे कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेले नाही.

तिसरा, ‘आपण नाही गेलो तर काय जहाज बुडणार आहे?’ नाही बुडणार. चाळीस माणसांनी कुठलेच जहाज बुडत नाही. पण जहाज चालते ते चाळीस-चाळीसच्या टोळ्यांवरच. आणि मंडळाच्या नावाने, मंडळाच्या बॅनरखाली जायचे म्हणजे घरातल्या बायकोला ‘ना’ म्हणायची सोयच राहत नाही. मित्रांबरोबर गेला तर ती विचारते. मंडळाबरोबर गेला तर काय विचारणार?

शेवटचा मुद्दा आपल्या शहराचा. तुम्ही म्हणाल, बडोद्यात कुठे कॅसिनो आहे? नाही. गुजरातेत १८८७ चा जुगारप्रतिबंधक कायदा आहे, लॉटरीचे दुकानसुद्धा नाही. पण दुकान आता पाटी लावून येत नाही. पानाच्या गल्ल्यावर ‘आयडी’ मिळते, ती मोबाइलमध्ये टाकली की क्रिकेटच्या प्रत्येक चेंडूवर पैसे लावा. मोतीबागेच्या मैदानावर ज्या शहराने हजाऱ्यांचा खेळ पाहिला, त्या शहरातली पोरे आज स्कोअर विचारत नाहीत, भाव विचारतात. ऑनलाइन पैशाच्या खेळांवर केंद्राने बंदीचा कायदा केला, २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्यावर राष्ट्रपतींची सही झाली, आणि आयपीएलच्या वेळी रोज जाहिरात करणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांनी काही दिवसांत पैशाचे खेळ बंद केले. वर्षानुवर्षे जे ‘अशक्य’ म्हणून सांगितले जात होते, ते इतक्या लवकर झाले. चोरून चालते ते चालतेच, पण उघड दुकान बंद झाले. जहाजांना मात्र तो कायदा लागू नाही. त्यामुळे ज्यांचे मोबाइलवर भागत नाही, त्यांना आता गोव्याची पॅकेजे जोरात विकली जातील असा माझा अंदाज आहे. अंदाजच आहे. पण टूरवाल्यांच्या काचांवर ‘गोवा कॅसिनो स्पेशल’ची चिठ्ठी मी याच महिन्यात दोन ठिकाणी पाहिली, त्यातले एक दुकान देवळासमोर आहे.

जुगार हा राज्यघटनेत राज्यांच्या यादीतला विषय आहे. गोव्याच्या कायद्यात आपला आमदार काही करू शकत नाही, हे खरे. पण निवडणूक आली की सगळे पक्ष दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या मराठी मतांसाठी आपल्या मंडळाच्या पायऱ्या चढतात, तेव्हा आपण हॉल मागतो, पार्किंग मागतो. त्या यादीत आणखी दोन ओळी घालता येतील. या शहरात कॅसिनोच्या जाहिरातीला महापालिकेने जागा देऊ नये. आणि ज्याच्या घरच्यांनी लेखी कळवले आहे त्याला प्रवेश नाकारण्याची सोय गोव्याने परराज्यातल्या माणसासाठीही करावी, असा पाठपुरावा आपल्या सरकारने त्यांच्याकडे करावा. त्यांनी आपल्या माणसाला दारात अडवले, तसे आमच्याही माणसाला अडवा, एवढेच मागणे आहे. त्या वहिनींना असे एक पत्र लिहिता आले असते तर बरे झाले असते.

तेव्हा ठराव असा. मी लिहून आणला आहे, वाचतो.

‘वार्षिक सहलीच्या कार्यक्रमातील तिसऱ्या दिवसाचा कॅसिनो क्रूझचा कार्यक्रम वगळण्यात यावा. पणजीतील कॅसिनोविरोधी नागरिकांना मंडळाच्या वतीने पाठिंब्याचे पत्र पाठवावे. वर सांगितलेल्या दोन मागण्या शहरातील सर्व पक्षांच्या आमदारांना व खासदारांना लेखी कळवाव्यात व त्यांची उत्तरे पत्रकात छापावीत. उत्तर न आल्यास तेही छापावे.’

टूरवाल्याशी मी काल बोललो. ती ओळ काढली तर माणशी अडीच हजार रुपये कमी होतात, आणि त्याला मंगळवारपर्यंत कळवायचे आहे. त्या संध्याकाळी कला अकादमीत मराठी नाटक असेल तर ते पाहू. नसेल तर बेतीच्या फेरीबोटीने मांडवी पार करून परत येऊ, मुलांना घेऊन. ठरावाला अनुमोदक हवा आहे.